लस, नोकरी आणि समोरचा माणूस

मंडळाच्या प्रत्येक अंकात संपादक "सभासदांनी लिहिते व्हावे" अशी विनंती करतात. या वेळी ती मनावर घेतली, कारण विषयच तसा आहे. गेल्या वर्षभरात तीन-चार घरी तो निघाला आणि दर वेळी चहा गार होईपर्यंत वाद रंगला. विषय असा : "लस घेतल्याशिवाय कामावर येऊ नका" असे मालकाने नोकरमाणसाला सांगावे का?

तुम्ही म्हणाल, कोविड मागे पडला, मास्क ड्रॉवरच्या तळाशी गेले, आता हा शिळा विषय कशाला? पण तो शिळा झालेला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये ओन्टारियोत गोवराची साथ सुरू झाली. ती संपली असे जाहीर व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडला आणि तोवर या एका प्रांतात दोन हजारांहून अधिक लोकांना गोवर होऊन गेला. १९९८ पासून कॅनडा गोवरमुक्त देशांत गणला जात होता; नोव्हेंबर २०२५ मध्ये तो मान गेला. इथे हॉस्पिटलात काम करायचे तर गोवराची प्रतिकारशक्ती असल्याचा पुरावा द्यावा लागतो. डे-केअरमध्ये काम करायचे तरी लसींची नोंद मागतात. आपल्यातल्या कितीतरी मुली आणि इथे नव्याने आलेल्या बायका याच क्षेत्रांतले कोर्स करत आहेत. तेव्हा प्रश्न आपल्या दाराशीच आहे.

माझ्या भाचीचेच घ्या. ती पीएसडब्ल्यूचा कोर्स करते. प्लेसमेंटच्या आधी कॉलेजने लसीकरणाचा कागद मागितला. मी सांगलीला फोन लावला. ताई म्हणाली, "अगं, सगळे डोस वेळच्या वेळी दिलेत, पण ते कार्ड २०१९ च्या पुरात गेलं. आता कुठून आणू?" शेवटी फॅमिली डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितले आणि पुरावा रक्तात सापडला. काम झाले, पण भाचीने मला विचारलेच : "मावशी, शरीर माझं आणि हुकूम त्यांचा, हे बरोबर आहे का?"

याचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' असे एका शब्दात देता येत नाही. माझे मत कसे बनत गेले ते सांगते, म्हणजे तुम्हाला ते पटते का ते ठरवता येईल.

मी बावीस वर्षे टोरोंटोतल्या एका लाँग-टर्म केअर होमच्या किचनमध्ये काम केले. शेवटची नऊ वर्षे सुपरवायझर होते. होमचे नाव मुद्दाम देत नाही. ज्यांनी असे होम आतून पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे वर्णन करते. जेवणाच्या वेळी आमची माणसे ट्रे घेऊन डायनिंग रूममध्ये जातात. बऱ्याच जणांचे जेवण मिक्सरमधून काढलेले असते, कारण त्यांना घास गिळता येत नाही. पीएसडब्ल्यू शेजारी स्टूल ओढून बसते आणि चमच्याने भरवते. भरवणारीच्या आणि खाणाऱ्याच्या तोंडात एका हाताचे अंतर असते. त्या माणसाला उठून दुसऱ्या टेबलाशी जाता येत नाही. "तू नको, दुसरीला पाठव" असे म्हणता येत नाही. कित्येकांना समोर कोण बसले आहे हेही कळत नाही.

तिथे एक मराठी आजी होत्या. स्मृतिभ्रंशामुळे त्यांचे इंग्रजी पार पुसले गेले होते. जेवायला तयार नसल्या की नर्स मला किचनमधून बोलावून घ्यायची. मी "आजी, दोन घास खा बघू" म्हटले की त्या तोंड उघडायच्या. एप्रिल २०२० मध्ये त्या गेल्या. मुलगा बाहेर पार्किंग लॉटमध्ये त्यांच्या खिडकीखाली उभा होता. मी त्याच इमारतीत होते, पण किचनच्या माणसांना वरच्या मजल्यावर जायची बंदी होती.

आमचे होम काही वेगळे नव्हते. मे २०२० मध्ये लष्कराने इटोबिको, नॉर्थ यॉर्क, स्कारबरो, पिकरिंग आणि ब्रॅम्प्टन इथल्या पाच होम्सचा अहवाल दिला, तो तुमच्यापैकी अनेकांनी वाचला असेल. पुढे न्यायमूर्ती फ्रँक मारोको यांच्या आयोगाचा अहवाल एप्रिल २०२१ च्या अखेरीस आला. तोपर्यंत ओन्टारियोच्या होम्समधले जवळजवळ चार हजार रहिवासी आणि अकरा कर्मचारी कोविडने गेले होते.

आता विचार करा. भेटायला येणाऱ्यांना तर मार्च २०२० पासूनच दार बंद होते. मग रोग आत आला कसा? बहुतेक वेळा तो आला आमच्यापैकीच कोणाबरोबर तरी, आणि ज्याच्याबरोबर आला त्याला आपण आजारी आहोत हे ठाऊकही नसेल. पीएसडब्ल्यू बायका दोन-दोन होम्समध्ये राबत, कारण एकीकडे पूर्ण वेळाची नोकरी मिळत नसे. सकाळी स्कारबरोत, संध्याकाळी नॉर्थ यॉर्कमध्ये, मधे टीटीसीची बस. 'एका वेळी एकाच होममध्ये काम' हा सरकारी नियम एप्रिल २०२० मध्ये आला.

ओन्टारियोतली पहिली लस १४ डिसेंबर २०२० रोजी टोरोंटोत दिली गेली, ती एका लाँग-टर्म केअर होममधल्या पीएसडब्ल्यू बाईंना. तो मान योग्य ठिकाणी गेला असे मला तेव्हाही वाटले. आमच्याकडे लस आली तशी मी घेतली. सक्ती त्या वेळी नव्हती. १ जुलै २०२१ पासून नियम आला की लस घ्या, किंवा डॉक्टरी कारण द्या, किंवा लसीविषयीच्या माहितीच्या वर्गाला बसा. मग डेल्टा आला. १ ऑक्टोबर २०२१ रोजी सरकारने जाहीर केले की, वैद्यकीय कारण नसेल तर १५ नोव्हेंबरपर्यंत लस घ्यावी, नाहीतर होममध्ये काम करता येणार नाही. किचनच्या माणसांचे कागद गोळा करायचे काम माझ्याकडे होते. बहुतेकांनी मुकाट्याने दिले. एकीने दिला नाही.

ही बाई मूळची जमैकाची. चौदा वर्षे आमच्याकडे भांडी धुण्यापासून ट्रे लावण्यापर्यंत सगळे करत होती. कधी उशीर नाही, कधी खोटी सिक लीव्ह नाही. मी तिला विचारले, कशाची भीती वाटते? ती म्हणाली, "एप्रिल २०२० मध्ये मी मास्क मागत होते तेव्हा शिफ्टला एकच मास्क मोजून देत होते, आणि 'किचनला गरज नाही' म्हणत होते. तेव्हा माझ्या जिवाची काळजी नव्हती. आता अचानक झाली? यांच्यावर विश्वास ठेवून मी दंडात सुई का घेऊ?" माहितीच्या वर्गाचे विचारले तर म्हणाली, "कॉम्प्युटरवर व्हिडिओ लावला आणि सही घेतली. मला प्रश्न होते. विचारायला कोणी माणूसच नव्हता."

तिला बिनपगारी रजेवर पाठवले आणि नंतर काढून टाकले. ईआयसाठी अर्ज केला तर तोही नाकारला गेला. नियम मोडून नोकरी गेली तर ईआय मिळेलच असे नाही, असे सरकारने त्या ऑक्टोबरमध्येच सांगून ठेवले होते. घरात दोन शिकणारी मुले. पुढे ती एका बँक्वेट हॉलमध्ये साफसफाईला लागली. आमचे अजून फोनवर बोलणे होते.

मी जर नुसते आजींकडे पाहिले तर सक्ती योग्य होती असे म्हणेन. नुसते या बाईकडे पाहिले तर तिच्यावर अन्याय झाला असे म्हणेन. मला वाटते दोन्ही खरे आहे. मास्कबद्दल तिने जे म्हटले ते तर या शहराने आधीच एकदा शिकायला हवे होते. २००३ मध्ये सार्स आला तेव्हा कॅनडात ४४ माणसे दगावली, त्यांत आपल्या टोरोंटोतल्या परिचारिकाही होत्या. न्यायमूर्ती आर्ची कॅम्पबेल यांच्या आयोगाने तेव्हा बजावले होते की कामगारांच्या संरक्षणासाठी शास्त्राची पक्की खात्री होईपर्यंत थांबू नका. ओन्टारियोचा कायदाही मालकावर हीच जबाबदारी टाकतो : परिस्थितीनुसार शक्य ती सर्व वाजवी खबरदारी घेणे. म्हणजे आधी मालकाने द्यायचे आहे आणि मग मागायचे आहे.

आता आमच्या घरातली दुसरी बाजू. आमच्या ह्यांनी मार्च २०२१ मध्येच फार्मसीत जाऊन लस घेतली. तेव्हा साठ ते चौसष्ट वयाच्या लोकांना ॲस्ट्राझेनेकाची लस मिळत होती, आणि ती होती आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची कोव्हिशील्ड. ३ मार्च २०२१ रोजी तिचे पाच लाख डोस कॅनडात आले होते. हे दंड चोळत घरी आले आणि म्हणाले, "पुण्याचा माल आहे, खात्रीचा!" त्याच लसीचे पहिले डोस देणे ओन्टारियोने ११ मे रोजी थांबवले, कारण फार थोड्या लोकांत का होईना, पण रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका दिसला होता. ह्यांना काही झाले नाही. पण 'लसीने काहीच होत नाही' असे सरसकट सांगणाऱ्यांवर तेव्हापासून ह्यांचा विश्वास राहिला नाही. जून २०२१ मध्ये लसीने गंभीर इजा झालेल्यांना भरपाई देण्याची योजना केंद्र सरकारने सुरू केली. म्हणजे धोका थोडा असला तरी आहे, हे सरकारनेही मान्य केले होते.

तर अशा या लस घेतलेल्या गृहस्थांना त्यांच्या ऑफिसकडून शरद ऋतूत ई-मेल आली : लसीचा पुरावा पाठवा, नाहीतर कारवाई होईल. हे त्या वेळी दीड वर्ष आमच्या बेसमेंटमध्ये बसून ड्रॉइंग तपासत होते. म्हणाले, "इथे माझ्यापासून कोणाला संसर्ग होणार? फर्नेसला? लस घेतली ती माझ्या इच्छेने. पण ऑफिसने विचारायचं कारण काय? आज लस विचारतील, उद्या वजन आणि बीपी विचारतील." पुरावा त्यांनी पाठवला, पण एक लांबलचक पत्र जोडून. पत्राला उत्तर आले नाही.

ह्यांच्या बोलण्यातला वजन-बीपीचा मुद्दा मला पटत नाही, कारण बीपी शेजाऱ्याला लागत नाही. फर्नेसचा मुद्दा मात्र बिनतोड आहे. आणि गंमत म्हणजे इथल्या लवादांनीही साधारण हेच म्हटले.

नोव्हेंबर २०२१ मध्ये दोन दिवसांच्या अंतराने ओन्टारियोत दोन निकाल लागले. पहिला पॅरागॉन या सिक्युरिटी कंपनीचा. तिचे गार्ड वेगवेगळ्या ग्राहकांच्या इमारतींत जाऊन उभे राहतात, आणि ज्या जागी लस लागते तिथे ती घ्यावी लागेल असे युनियनच्या करारातच आधीपासून लिहिलेले होते. लवादाने सक्ती योग्य ठरवली. दुसरा इलेक्ट्रिकल सेफ्टी ऑथॉरिटीचा. तिथले बरेच लोक घरून काम करत होते, आणि लस नसेल तर चाचणी करून घेण्याची पद्धत व्यवस्थित चालू होती. तिथे लवादाने, 'लस नाही तर शिस्तभंग' हा नियम अवाजवी ठरवला. मात्र परिस्थिती बदलली तर पुन्हा विचार करता येईल असेही म्हटले. त्याच आठवड्यातली तीच साथ आणि तीच लस, पण काम वेगळे म्हणून उत्तर वेगळे.

याच्याही आधीची एक गोष्ट आपल्या नर्स भगिनींना माहीत असेल. फ्लूच्या हंगामात "लस घ्या, नाहीतर सगळी शिफ्ट मास्क लावा" असा नियम ओन्टारियोच्या अनेक हॉस्पिटलांनी केला होता. परिचारिकांच्या युनियनने तो आव्हानाला घेतला. २०१५ मध्ये सू सेंट मेरीच्या हॉस्पिटलविरुद्ध आणि २०१८ मध्ये टोरोंटोच्या सेंट मायकल्सविरुद्ध युनियन जिंकली. २०१८ चा निकाल देणारे लवाद विल्यम कॅपलन यांचे म्हणणे असे की, त्या मास्कने रोग्यांचे रक्षण होते याचा पुरावाच पुरेसा नाही. याच कॅपलननी मार्च २०२२ मध्ये टोरोंटो डिस्ट्रिक्ट स्कूल बोर्डाची कोविड लसीची सक्ती योग्य ठरवली. माणूस तोच, पण समोर आलेला पुरावा आणि धोका वेगळा. मला हे फार आवडले. पक्ष आधी ठरवून मग कारणे शोधली असती तर दोन्ही वेळा एकच उत्तर आले असते.

काढून टाकण्याबद्दल मात्र लवाद बरेच कडक राहिले. टोरोंटो शहराने जानेवारी २०२२ मध्ये लस न घेतलेल्या साडेचारशेहून अधिक कर्मचाऱ्यांना काढले. अग्निशमन दलाच्या युनियनच्या तक्रारीवर ऑगस्ट २०२२ मध्ये निकाल आला : लसीची अट वाजवी, घरी बसवणेही चालेल, पण नोकरीवरून काढणे वाजवी नाही. आणि मोटारींच्या कारखान्यांच्या एका प्रकरणात, ज्यात आपल्या ब्रॅम्प्टनचा कारखानाही होता, लवादाने जून २०२२ मध्ये म्हटले की आधी योग्य असलेली सक्ती आता योग्य राहिलेली नाही. कारण ओमिक्रॉन आल्यावर दोन डोस घेतलेला माणूसही रोग पसरवू लागला होता. लस घेणाऱ्याला गंभीर आजारापासून वाचवत होती, पण शेजाऱ्याला वाचवण्याची तिची ताकद कमी झाली होती. होम्ससाठीची प्रांताची सक्ती १४ मार्च २०२२ ला उठली, केंद्र सरकारची आपल्या कर्मचाऱ्यांवरची जूनमध्ये स्थगित झाली आणि टोरोंटो शहराची १ डिसेंबर २०२२ ला. भारतातही २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कोणाला लस घेण्याची बळजबरी करता येणार नाही. समाजाच्या आरोग्यासाठी काही बंधने घालता येतील, पण ती परिस्थितीच्या प्रमाणात हवीत.

प्रमाण सुटले की काय होते हे आपल्या मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात रँडसाहेबाचे गोरे शिपाई घराघरांत, देवघरापर्यंत शिरले, आणि २२ जूनला गणेशखिंडीच्या रस्त्यावर काय झाले ते शाळेतल्या प्रत्येक मुलाला पाठ असते. पण त्याच साथीत, त्याच वर्षी, मुंबईत दुसरी एक गोष्ट घडत होती, ती कमी लोकांना माहीत आहे. वाल्डेमार हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञाने ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या तयार झालेल्या कैद्यांना दिली. तरुण आगाखानांनी लोकांसमोर स्वतःला टोचून घेतले, ते पाहून त्यांचे अनुयायी पुढे आले. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटला त्यांचेच नाव आहे.

ती वाटही सरळ नव्हती. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी ही लस घेतलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका हाफकिनवर आला आणि तो पुसला जायला १९०७ साल उजाडले. आपल्या आजी-पणजींच्या तोंडी 'टोचणीवाला आला' म्हणताच मुले लपवण्याच्या गोष्टी असायच्या, त्या काही नुसत्या अडाणीपणाच्या नव्हत्या. लोक विचारत होते की, हे करणारा आमच्या बाजूचा आहे की नाही? आमच्या किचनमधली ती जमैकन बाईही हेच विचारत होती.

तिसरे उदाहरण माझ्या भाच्याचे. तो २०१९ मध्ये विद्यार्थी म्हणून आला आणि पुढे एजन्सीमार्फत पील भागातल्या एका वेअरहाऊसमध्ये लागला. २०२१ च्या वसंतात तिथे रोज कोणी ना कोणी खोकत असे. एप्रिलमध्ये पील आणि टोरोंटोच्या आरोग्य खात्यांनी, जिथे पाच किंवा जास्त रुग्ण सापडतील ते कामाचे ठिकाण दहा दिवस बंद करण्याचे अधिकार वापरायला सुरुवात केली, इतकी परिस्थिती हाताबाहेर गेली होती. भाच्याला लस हवी होती! पण लस घ्यायला अर्धा दिवस गेला तर अर्ध्या दिवसाचा पगार जाणार, दुसऱ्या दिवशी ताप आला तर पुन्हा पगार जाणार, आणि दोन दिवस गेलो नाही तर एजन्सी दुसऱ्याला बोलावणार ही भीती.

ओन्टारियोत २०१८ मध्ये वर्षाला आजारपणाच्या दोन पगारी रजा कायद्याने मिळत होत्या. २०१९ च्या सुरुवातीला त्या काढून घेतल्या. एप्रिल २०२१ मध्ये कोविडपुरत्या तीन पगारी रजा आल्या, त्या लस घेण्यासाठीही चालत होत्या. ३१ मार्च २०२३ ला त्याही संपल्या. आज ओन्टारियोच्या कायद्याने मिळणारी आजारपणाची तीन दिवसांची रजा बिनपगारी आहे. बँका, विमान कंपन्या अशा केंद्राच्या कायद्याखालच्या नोकऱ्यांत वर्षाला दहा पगारी दिवसांपर्यंत मिळतात, पण वेअरहाऊस, किचन, डे-केअर यांतली बहुतेक माणसे त्यात येत नाहीत. जो मालक आजारी माणसाला घरी राहण्याचा पगार देत नाही, त्याने "दुसऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी लस घ्या" असे सांगितले तर ते कानाला कसे लागते, याचा विचार करा.

एवढे सगळे मांडून झाल्यावर माझे मत सांगते. कामाच्या जागी लसीची अट घालावी का, हे ठरवताना पहिला प्रश्न मी असा विचारीन : या कामात समोर जो माणूस आहे, त्याला दूर सरकता येते का? होममधल्या आजींना येत नाही. डे-केअरमधल्या सहा महिन्यांच्या बाळाला येत नाही, आणि गोवराची लस साधारण पहिल्या वाढदिवसाला मिळत असल्याने ते स्वतःचे रक्षणही करू शकत नाही. केमोथेरपी चालू असलेल्या रोग्याला येत नाही. अशा ठिकाणी अट असावी, असे मी ठामपणे म्हणेन. माझे शरीर माझे आहे हे खरे, पण ते मी चमचा घेऊन दुसऱ्याच्या तोंडाशी नेते तेव्हा प्रश्न माझ्या एकटीचा राहत नाही. बेसमेंटमध्ये बसणाऱ्याला मात्र ही अट घालू नये.

दुसरे, लस रोगाचा प्रसार खरोखर किती थांबवते ते पाहावे. गोवराच्या लसीचे दोन डोस शंभरातल्या साधारण ९७ जणांना वाचवतात आणि ते संरक्षण वर्षानुवर्षे टिकते. गोवराचा रोगी खोलीतून निघून गेल्यावरही त्याचा विषाणू हवेत दोन तासांपर्यंत राहू शकतो. तेव्हा गोवराची अट आणि फ्लूची अट एकाच तराजूत घालता येत नाहीत. कोविडचे तर एकाच वर्षात चित्र बदलले. म्हणून प्रत्येक सक्तीवर 'पुन्हा केव्हा तपासणार' याची तारीख लिहिलेली असावी.

तिसरे, अट घालणाऱ्याने आधी आपली बाजू पुरी करावी. मास्क, हवा खेळती ठेवणे, लसीसाठी आणि तापासाठी पगारी दिवस, आणि प्रश्न विचारायला हाडामांसाचा डॉक्टर किंवा नर्स, शक्यतो त्या माणसाच्या भाषेत. आमच्याकडे अशी नर्स अर्धा तास त्या बाईजवळ बसली असती तर ती तयार झाली असती का? मी सांगू शकत नाही. पण तेवढा अर्धा तास तिचा हक्क होता.

चौथे, एवढे करूनही जो नाही म्हणेल त्याला दुसरे काम द्यावे, ते नसेल तर रजेवर ठेवावे. चौदा वर्षांची नोकरी तोडून वर ईआयही जाणे, ही शिक्षा अपराधाच्या मानाने फार मोठी आहे. साथ ओसरल्यावर त्याला परत बोलावता आले पाहिजे.

ह्यांना यातले पहिले कलम मान्य आहे. दुसऱ्यावर ते म्हणतात की सरकार आणि कंपन्या तारीख लिहितील, पण पाळणार नाहीत. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, एवढेच की म्हणून तर युनियन आणि लवाद हवेत. ज्यांना युनियन नाही त्यांचे काय, हा ह्यांचा पुढचा प्रश्न, आणि तो रास्त आहे. आपल्यातल्या बहुतेकांना युनियन नाही.

भाचीला मी काय सांगितले? प्लेसमेंटला जा, गोवराचा कागद दे, त्यात कमीपणा नाही. तू ज्यांना आंघोळ घालणार आहेस त्यांना तुझ्यापासून पळता येत नाही. पण कोणी कधी नवी अट घातली तर ती लेखी माग, ती कशासाठी आणि किती दिवस हे विचार, आणि तुझ्याबरोबरची एखादी नाही म्हणत असेल तर तिला मूर्ख समजू नकोस. तिला आधी काय अनुभव आला ते विचार.

एक व्यवहाराची गोष्ट सगळ्यांसाठी. भारतात जाल तेव्हा आई-वडिलांकडची जुनी लसीकरणाची कार्डे शोधून आणा, फोटो काढून ठेवा आणि फॅमिली डॉक्टरांच्या फाइलमध्ये नोंद करून घ्या. कार्ड नसेल तर घाबरू नका. रक्ततपासणी करता येते किंवा डोस पुन्हा घेता येतो. हे प्लेसमेंटच्या आदल्या आठवड्यात नको, सहा महिने आधी करा.

ज्यांना हे पटले नाही त्यांनी जरूर लिहावे. विशेषतः हॉस्पिटल, डे-केअर, वेअरहाऊस आणि टीटीसीत काम करणाऱ्यांचे अनुभव वाचायला मला आवडतील. लस नाकारून नोकरी गमावलेले कोणी आपल्यात असतील तर त्यांचेही. नाव छापायचे नसेल तर तसे कळवा. संपादकांनी पुढच्या अंकात दोन पाने राखून ठेवावीत, ही विनंती.